पर्समधला निळा पंप

सकाळी आभाळ इतकं लख्ख होतं की सबाह अल-सालेममधल्या सहाव्या मजल्यावरच्या खिडकीतून मेहविशला समुद्राची रेघ दिसत होती. जुम्म्याची नमाज सुटेपर्यंत ती रेघ गेली. कुणी ओल्या फडक्याने पुसावी तशी. तिच्या जागी एक पिवळट पट्टा आला, आणि मेहविश आरशासमोर गालांवर हिरव्या रंगाच्या रेघा ओढत होती तेवढ्या वेळात तो पट्टा चांगला जाड झाला.

"अम्मी, गुबार येतोय," ती म्हणाली. कुवेतमध्ये वाढलेल्या पोरांना धुळीच्या वादळासाठी दुसरा शब्द आठवतच नाही.

"येऊ दे. येतो तसा जातो पण," फखरुन्निसा स्वयंपाकघरातून म्हणाली. "तू आधी ते तोंड धू. मॅच बघायला चाललीस की सर्कशीत?"

मेहविशने तोंड धुतलं नाही. सोळा वर्षांची मेहविश गेल्या हिवाळ्यापर्यंत वर्गात हात वर करायलाही घाबरायची. मग शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत बाईंनी तिला जबरदस्तीने उभं केलं, ती बोलली, आणि पहिली आली. तेव्हापासून तिला आवाज फुटला तो फुटलाच. लिफ्टमध्ये अनोळखी माणसांशी बोलायची, बसवाल्याला थांबवायची, फोनवर बिलाबद्दल वाद घालायची. आज तर तिने गळ्यात एक लठ्ठ स्टीलची शिट्टीही अडकवली होती. नबीलभाईने पेनल्टी अडवली की वाजवायला.

नबील तिचा थोरला भाऊ. कॉलेजच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर. आज कॉलेजांच्या स्पर्धेची फायनल होती, दस्मानच्या अलीकडे समुद्राला लागून असलेल्या मैदानावर. तो सकाळीच टीमच्या बसने गेला होता. जाताना अम्मीने त्याच्या बॅगेत सांदणांचा एवढा मोठा डबा कोंबला होता की चेन लागेना. पोरगा मैदानावर जातो नि टीमसाठी घरचं काही नेत नाही, हे फखरुन्निसाच्या घरात बसत नव्हतं.

अब्बा शुऐबाच्या प्लँटमध्ये शिफ्टवर. तिथे आत फोन नेता येत नाही. म्हणून मॅचला जायचं ते झहूर मामूच्या व्हॅनमधून ठरलं. झहूर मामू अम्मीचा चुलतभाऊ. कोपऱ्यावरचा बकाला, म्हणजे किराणा दुकान, तो चालवायचा. रत्नागिरीकडची कुठलीही बातमी आधी त्याच्या काउंटरवर यायची आणि मग पावाच्या पुड्यांबरोबर घरोघर पोचायची. त्याची मुलगी हिना गावाकडे कॉलेजात होती. नबीलचं शिक्षण झालं की हिनाला सून करून घ्यायची, असं दोन्ही घरांत अजून उघड कुणी बोललं नव्हतं, पण ईदला अम्मीने हिनासाठी पाठवलेला ड्रेस जरा जास्तच भारी होता.

मामूला यायला उशीर झाला. दुकान बंद करताना गिऱ्हाईक आलं म्हणे.

"चला आपा, चला," व्हॅनचं दार सरकवत तो म्हणाला. "अगो मेहविश, ह्या काय? गालाला भाजी लागली तुझ्या."

"टीमचा रंग आहे, मामू. तुम्हालाही लावू?"

"मला नको. माझं वय काय, तुझं काय."

व्हॅनच्या मागच्या भागात तांदळाची पोती आणि कसलीशी खोकी होती. मामू शहराकडे निघाला की रिकामा कधी जायचा नाही. कुणाचं खोकं, कुणाची पिशवी, कुणाच्या मुलाचा शर्ट, सगळं त्याच्याबरोबर. मेहविश मधल्या सीटवर बसली, अम्मी पुढे. काचेवर वाळू बारीक तांदूळ निवडल्यासारखी सरसर वाजायला लागली होती.

अम्मीला शिंक आली. तिने टिश्यूसाठी पर्स उघडली आणि मागून वाकून बघणाऱ्या मेहविशला पर्सच्या तळाशी निळं काहीतरी दिसलं.

नबीलभाईचा पंप. छातीत हवा अडकली की तोंडात धरून दाबायचा तो.

मेहविशचे गाल रंगाखालीच थंड झाले. तिने तोंड उघडलं, आणि अम्मीने आरशातून तिच्याकडे अशी काही नजर टाकली की तोंड परत मिटलं. मग पोरीने फोन काढला आणि दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या आपल्या आईला मेसेज केला.

"पंप तुझ्याकडे कसा?"

अम्मीचा फोन पर्समध्ये टुणकन वाजला. तिला टाइप करायला वेळ लागायचा. एकेक अक्षर शोधून ती बोटाने टोचायची.

"डबा बॅगेत ठेवला. पोरं डबा काढायला हात घालणार. त्यांना दिसला असता. मी आहे ना तिथे. लागला तर गुपचूप देईन."

"त्याला माहितेय?"

अम्मीचं बोट अक्षरं शोधत राहिलं. मग: "नाही. गडबडीत सांगायचं राहिलं."

घरात 'दमा' हा शब्द कधी उच्चारलाच जात नसे. 'नबीलचं ते' एवढंच. अम्मीच्या धाकट्या बहिणीला फिट येते अशी कुजबूज झाली आणि ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हापासून आजारपण हे दाराच्या आत ठेवायचं आणि दार लावून घ्यायचं, हे फखरुन्निसाने ठरवून टाकलं होतं. नबीलनेही कोचला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्याला बाकावर बसवला असता. एरवी पंप त्याच्या बॅगेच्या कप्प्यात मोज्यात गुंडाळलेला असायचा, आणि हाफटाइमला तो बाथरूमला जातो म्हणून जाऊन दोन फवारे घेऊन यायचा.

आज हाफटाइमला तो कप्प्यात हात घालणार होता.

मेहविशने नबीलला फोन लावला. बंद. खेळाडूंचे फोन कोच मॅचआधी गोळा करतात, हे तिला माहीत होतं.

"मामू, जरा लवकर चालवा ना."

"लवकर म्हणजे? हवा बघतेस ना? आणि आधी मुझफ्फरकडे खोकं द्यायचंय. एक मिनिटाचं काम."

अम्मीचा मेसेज आला: "घाई करू नको. विचारील का म्हणून."

एक मिनिटाचं काम मुझफ्फर चाचांच्या इमारतीखाली झालंच असतं. पण चाची जिन्यातच उभी होती, डोक्यावरचा पदर वाऱ्याने उडतोय आणि हातात ट्रे. दारात आलेल्या माणसाला चहा न देता पाठवायचं तिच्या जिवावर यायचं, आणि दिलेल्या चहाला नको म्हणणं मामूच्या. "बस, उभ्या उभ्या घेतो," असं म्हणत तो आत गेला. मेहविश व्हॅनमध्ये बसून बघत राहिली. समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी दिसेनाशी झाली. मग वरचा मजला. मग त्याच्या खालचा.

"अम्मी, सांग ना मामूला."

"काय सांगू?" अम्मी पुढे बघतच म्हणाली. "हिनाच्या बापाला काय सांगू मी? की पोराची छाती वाजते म्हणून?"

"मग मी सांगते."

"मेहविश." अम्मीचा आवाज बारीक झाला. "आजवर लागलाय का त्याला कधी मैदानात? खेळतो तो. चांगला खेळतो. एका दिवसाने काही होत नाही."

मामू आला, मिशा पुसत. "चाची विचारत होती, नबील कॅप्टन कधी होणार म्हणून. मी म्हटलं, आमचा पोरगा आहे, होणारच." तो हसला. मेहविशने शिट्टी मुठीत घट्ट धरली.

मोठ्या रस्त्याला लागले तेव्हा रंग बदलला. पिवळ्याचा नारिंगी झाला आणि नारिंगीचा विटकरी. भर दुपारी गाड्यांचे दिवे लागले. पुढच्या गाड्यांचे लाल ठिपके आधी हलत होते, मग हळूहळू हलू लागले, मग एकाच जागी लुकलुकायला लागले. कुठेतरी पुढे अपघात झाला होता. एक पोलिसांची गाडी कडेकडेने सायरन वाजवत गेली. तिचा आवाज धुळीत लगेच बुडाला, जणू कुणी उशी दाबली.

"आता बसा इथेच," मामूने हँडब्रेक ओढला. "मॅच पण रद्द झाली असणार. कोण खेळतंय असल्या हवेत?"

अम्मीने डोळे मिटले. "झाली असेल रद्द. झालीच असेल."

मेहविशला एकदम आठवलं. साबीर. नबीलभाईचा महाडचा दोस्त, गुडघा दुखावल्यामुळे यंदा खेळत नव्हता, पण मॅच फोनवर लाइव्ह दाखवणार होता. तिने त्याचा लाइव्ह उघडला.

मॅच चालू होती.

उशिरा सुरू झाली होती, एवढंच. कडेचे दिवे दिवसाउजेडी पेटवले होते आणि त्यांच्या खाली पोरं सावल्यांसारखी धावत होती. साबीर तोंडाला रुमाल बांधून बोलत होता. "दुसरा हाफ आहे भावांनो, शून्य-शून्य, हवा अशी की बॉल मला दिसत नाही, तुम्हाला काय दिसणार. रेफ्री म्हणतात फायनल आहे, उरकून टाकू. आमचा नबील भिंत आहे भिंत."

कडेने नावं सरकत होती. कोण कोण बघत होतं. दापोलीचे दोन चुलतभाऊ. अब्बांची बहीण फुफू. शाळेतल्या पोरी. आणि हिना.

साबीरने फोन गोलच्या दिशेला वळवला. नबील दोन खांबांच्या मध्ये उभा होता. मग उभा नव्हता. तो वाकून उकिडवा बसला, कोपरं गुडघ्यांवर टेकली, खांदे कानांपर्यंत वर ओढले.

"नबीलच्या डोळ्यांत वाळू गेली वाटतं," साबीर म्हणाला.

मेहविशला ती बसण्याची तऱ्हा पाठ होती. लहानपणी दोघं एका खोलीत झोपायची. जाग आली की पलंगाच्या कडेला असाच दिसायचा तो, आणि त्याच्या छातीतून एक बारीक शिट्टी यायची, दूरच्या कुकरसारखी.

तिने साबीरला फोन लावला. पडद्यावरचं चित्र धक्का बसल्यासारखं थांबलं आणि परत सुरू झालं. "कॉल नको यार कुणी, लाइव्ह तुटतोय," साबीर म्हणाला. पुन्हा लावला. त्याने फोन घेणं बंदच करून टाकलं होतं.

"मामू," मेहविश म्हणाली.

"मेहविश," अम्मी म्हणाली.

"मामू, नबीलभाईला दमा आहे. लहानपणापासून. त्याचा पंप अम्मीच्या पर्समध्ये आहे आणि तो तिथे वाकून बसलाय."

मामूने मान वळवून आधी अम्मीकडे बघितलं, मग मांडीवरच्या पर्सकडे. अम्मी दोन्ही हातांनी पर्स धरून बसली होती, जणू ती कुणी हिसकावून नेणार होतं.

"आपा," तो हळू म्हणाला, "मी चहाला थांबलो असतो काय गो?"

मामूने दिवे चमकवले, हॉर्न दिला, व्हॅनचं चाक कडेच्या पट्ट्यावर चढवलं. दोन गाड्यांपुढे गेला आणि तिथे एक ट्रक आडवा होता. त्यापुढे काहीच नव्हतं. नुसती विटकरी भिंत. मघाशी मोकळा असलेला रस्ता आता पाहिजे म्हणून मिळणार नव्हता.

पडद्यावर नबील उभा राहिला होता. एक बॉल आला तो त्याने पायाने कसाबसा ढकलला आणि खांबाला धरून राहिला. "शाब्बास," साबीर ओरडला. खालून लाल बदाम वर तरंगत गेले. तिथे पोचायचा एकच रस्ता उरला होता आणि तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जात होता.

मेहविशने कमेंटच्या चौकटीत बोट ठेवलं.

पुढच्या सीटवरून अम्मीचा हात मागे आला आणि तिचं मनगट पकडलं. "हिना बघतेय," अम्मी म्हणाली. "गाव बघतंय. माझ्या पोराचं आयुष्य आहे ते."

"तेच म्हणतेय मी, अम्मी."

हात सुटला नाही, पण ढिला पडला. मेहविशने दुसऱ्या हाताने लिहिलं. 'साबीर, गोलकीपरला दमा आहे. मॅच थांबवा. त्याच्याकडे पंप नाही. मी त्याची बहीण.' पाठवलं. लगेच कुणीतरी झेंडे पाठवले, कुणी बदाम, कुणी लिहिलं 'भिंत भिंत', आणि तिची ओळ खालून वर जाऊन नाहीशी झाली. तिने परत पाठवलं. परत. चौथ्यांदा पाठवताना नबील गुडघ्यांवर आला होता आणि ग्लोव्हजनी छाती चोळत होता.

"एक मिनिट," साबीरचा आवाज आला. "ही मेहविश काय..."

चित्र थांबलं. साबीरचा रुमाल, एक अर्धवट हात, मागे खांब. मध्ये एक गोल फिरत राहिला. मेहविशने फोन खिडकीला लावला, छताला लावला. गोल फिरत राहिला.

ट्रक सरकला. मामूने गाडी कुठून कुठून घातली ते तिला कळलंही नाही. डाव्या हाताला एरवी समुद्र दिसायचा की उजव्या, तेही समजेना. फोनवर नेटवर्क येईना. अम्मीचे ओठ हलत होते. मैदान जवळ आलं तसा पोलिसांनी रस्ता दोरी लावून अडवलेला दिसला. धुळीतून एक हात बाहेर आला आणि मागे फिरा म्हणाला.

मामूने तिथेच गाडी उभी केली. अम्मीने मान वळवली. तिने पर्स उघडली, निळा पंप काढला आणि मेहविशच्या हातात दिला. "तू जोरात पळतेस," एवढंच म्हणाली.

मेहविश पळाली. ओढणी नाकावर धरून, एका हाताने कुंपणाची जाळी चाचपत. मागून मामूच्या चपला फटफट वाजत होत्या. "थांब गो, दिसत नाही काही." दात करकरत होते. गालावरचा हिरवा रंग आणि वाळू मिळून चिखल झाला होता. जाळी संपली, फाटक आलं, आणि ती मैदानात शिरली.

मैदान रिकामं होतं. दिवे चालू, बॉल मध्येच पडलेला, वाऱ्याने जरासा हलणारा. एक ग्लोव्ह गोलच्या खांबापाशी. माणूस नाही. शिट्टी नाही, आरडाओरडा नाही.

तिने गोलच्या मागे जाऊन बघितलं. मग कडेच्या इमारतीचं दार वाजलं आणि ती तिकडे धावली.

कपडे बदलायच्या खोलीत दोन्ही टीमची पोरं भिंतीला चिकटून उभी होती. नबील फरशीवर, पाठ भिंतीला टेकून. ओठ राखेच्या रंगाचे. त्याच्या तोंडाशी जांभळा पंप धरून विरुद्ध टीमचा एक उंच कुवेती पोरगा गुडघ्यांवर बसला होता. त्याचा एक मोजा खाली ओढलेला होता. तो पंप मोज्यात खोचून खेळत होता, उघडपणे, सगळी मॅचभर. कुणालाही दिसला असता.

"तुझी कमेंट मी मोठ्याने वाचली," साबीर तिच्याजवळ येऊन म्हणाला. "माईक चालू होता गं. लाइव्ह बघणाऱ्या सगळ्यांनी ऐकली. मग मी मैदानाकडे 'अस्थमा, अस्थमा' असं ओरडलो, ते ऐकून हा धावला. अँब्युलन्सला फोन केलाय, पण त्यांना फाटक सापडत नाहीये."

मेहविश भावासमोर बसली. निळा पंप त्याच्या हातात दिला. नबीलने डोळे उघडले.

"सगळ्यांना," तो म्हणाला आणि थांबला. पुढचा श्वास ओढायला त्याला फार वेळ लागला. "सांगितलंस?"

"हो."

त्याने डोळे मिटले. राग होता की काय होतं, तिला कळलं नाही. छातीतली शिट्टी चालूच होती, थांबत थांबत.

दारात अम्मी आली. तिने पोरांच्या घोळक्याकडे बघितलंच नाही. सरळ जाऊन नबीलचं डोकं छातीशी धरलं, मग त्या उंच पोराने खुणेने सांगितल्यावर सोडलं आणि त्याला सरळ बसवलं. बाकावर नबीलची बॅग उघडी पडली होती. सांदणांचा डबा अर्धा रिकामा.

मामूचा फोन वाजायला लागला. वाजला, थांबला, परत वाजला. मेहविशला पडद्यावरचं नाव दिसलं. हिनाची अम्मी. मामूने तो खिशात टाकला. फोन खिशात थरथरत राहिला.

"उचला ना मामू," मेहविश म्हणाली.

"आधी पोरगा श्वास घेऊ दे," मामू म्हणाला. "बाकीचं घरी बोलू." तो आवाज ओळखीचा नव्हता. अम्मीने मान वर केली नाही.

बाहेर सायरन ऐकू आला. जवळ आला, मग लांब गेला, जाळीच्या पलीकडून कुठूनतरी फिरून परत आला आणि पुन्हा चुकला. समुद्राकडे चालला होता. पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

मेहविश उठली. दार उघडून बाहेर धुळीत गेली, फाटकाच्या अंदाजाने चालत राहिली, आणि गळ्यातली शिट्टी तोंडात धरून तिने सगळा जीव काढून वाजवली. तोंडात वाळू शिरली. थुंकली, परत वाजवली. सायरन थबकला. ती वाजवत राहिली. दोन फुंकांच्या मध्ये ती कान देऊन थांबायची, आणि आत नबीलच्या छातीतल्या शिट्टीचा आवाज इथवर येतो का ते ऐकायची. येत नव्हता. वाऱ्यामुळे असेल. तिने पुन्हा छाती भरून हवा घेतली, आणि लालसर धुळीत कुठेतरी एक निळा दिवा सावकाश तिच्याकडे वळला.